कस्तुराबाईंचा कान आणि शेषेराव सरांचं इंजिन

यंत्रयुगातल्या माणसापुढचा खरा प्रश्न ऊर्जेचा नाही, आवाजाचा आहे. ज्या दिवशी माणूस आपल्या यंत्रांना गप्प बसवील, त्या दिवशी तो खऱ्या अर्थानं सुधारला असं समजायला हरकत नाही. हे मत नांदेडच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शेषेराव सरांचं होतं. दरवर्षी नववीला ध्वनीचा पाठ सुरू करताना ते हे मत मांडत आणि पोरं हाताची घडी घालून ते ऐकत. वर्ग इतका शांत असायचं कारण एवढंच, की सर येतायत हे पोरांना सर दोन चौक लांब असतानाच कळलेलं असे. सरांची मोटारसायकल एकोणीस वर्षांची होती.

आवाज सायलेन्सरचा नव्हता. हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे हेच सांगता सांगता सरांचा घसा बसला. सायलेन्सर बिचारा सज्जन होता, आपलं फुसफुसत एका बाजूला पडलेला असे. आवाज पोटातला होता. गाडी चालू केली की इंजिनाच्या आत कुणीतरी भांडी घासतंय, कुणीतरी ती आपटतंय आणि तिसरं कुणीतरी दोघांना ओरडतंय असं वाटे. सरांना त्याची कधी लाज वाटली नव्हती. उलट सोयच होती. गाडी पाण्याच्या टाकीजवळ वळली की घरी त्यांच्या पत्नी उज्वलाबाई चहाचं आधण ठेवत. शाळेचा शिपाई फाटक उघडून ठेवी. "मला हॉर्न लागत नाही," असं सर थोड्या अभिमानानं सांगत आणि ते खरंच होतं, कारण हॉर्न सहा वर्षांपासून बंद होता.

कान बंद होऊनही सहाच वर्षं झाली होती. म्हणजे सरांच्या मातोश्रींचे, कस्तुराबाईंचे. या सहा वर्षांत कस्तुराबाईंनी संसारातल्या सर्व प्रश्नांसाठी एकच उत्तर नक्की केलं होतं. "माय, लाईट गेली होती का?" असं विचारलं की त्या "जेवले" म्हणत. "माय, कुणी आलं होतं का?" "जेवले." हळूहळू घरातल्यांनी त्यांना विचारणंच सोडलं, आणि दिवसातून दोनदा, खरोखर जेवणाच्या वेळी तेवढं विचारू लागले, म्हणजे उत्तर जुळत असे.

तीन वर्षं मनधरणी केल्यावर एका सोमवारी त्या कानाच्या मशीनला तयार झाल्या. दवाखान्यातल्या मॅडमनी दोन्ही कानांत मशीन बसवलं आणि सांगितलं, "आजी, पंधरा दिवस वापरून बघा. नाही जमलं तर परत घेऊ." कस्तुराबाईंनी आधी पंख्याकडे बघितलं. मग मॅडमच्या हाताकडे. मग उज्वलाबाईंनी लातूरला कॉलेजात शिकणाऱ्या पुनमला फोन लावून दिला. नातीचं बोलणं त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं आणि म्हणाल्या, "बारीक हाय की हिचा आवाज. मला वाटलं एव्हाना बापावानी फुटका झाला असंल."

तिकडे पुनम रडली, इकडे उज्वलाबाई रडल्या. सर शिक्षक असल्यामुळे पंख्याकडे बघत राहिले.

मग तिघं बाहेर आले. उज्वलाबाई बाजाराला गेल्या, सरांनी किक मारली आणि कस्तुराबाई नेहमीप्रमाणे मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. पहिल्याच चौकात त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या. दोन्ही कानांतलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि कमरेच्या चंचीत सुपारीशेजारी ठेवून दिलं.

"एवढे दिवस मी ह्याच्यावर बसत होते?" त्यांनी विचारलं.

"माय, इंजिन आहे ते. इंजिन म्हटलं की थोडं वाजणारच," सर म्हणाले.

"जेवले," कस्तुराबाई म्हणाल्या.

*

घरी आल्यावर उज्वलाबाईंनी साधा उपाय सांगितला, की गाडीवर बसताना तेवढं मशीन काढून ठेवावं. हे कस्तुराबाईंना खाणाखुणा करून आणि शेवटी पाटीवर लिहून विचारण्यात आलं. त्यांचं म्हणणं पडलं की कानातली कुडी कुणी दिवसातून चार वेळा काढघाल करत नसतं. घालायचं तर घालायचं, न्हाई तर न्हाई. शिवाय गाडी उभी राहायची ती त्यांच्याच खिडकीखाली, आणि सर ती रोज सकाळी दहा मिनिटं गरम करत. नव्या गाडीचाही विचार झाला. त्यासाठी कस्तुराबाईंना शोरूममध्ये नेलं, पण हल्लीच्या गाड्यांची मागची सीट आभाळात असते. त्यांनी तिथल्या माणसाकडे शिडी मागितली आणि परत आल्या.

तेव्हा पंधरा दिवसांत गाडी गप्प झाली तर माय ऐकणार होती, नाही तर मशीन परत जाणार होतं आणि उरलेला सगळा जन्म "जेवले" वर निघणार होता. पुनमचा बारीक आवाज ऐकून मायच्या तोंडावर जे काही उमटलं होतं, ते सरांना पुन्हा बघायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाहेर ते एवढंच म्हणाले, "हा शेवटी ध्वनिशास्त्राचा प्रश्न आहे."

ध्वनिशास्त्राचा प्रश्न प्रथम शेजारी गेला. शेजारी म्हणजे गुरुपादप्पा. मूळचे उदगीरचे, नांदेडात भांड्यांचं दुकान. पण जगात जे काही चांगलं घडलं ते उदगीरलाच घडलं अशी त्यांची श्रद्धा होती. ते कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून आवाज ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तेल पातळ हाय ओ. दुसरं काय न्हाई. उदगीरला आमच्या मल्लेशच्या गाडीत ट्रॅक्टरचं तेल घातलं. मांजर झाली ओ गाडी."

"मोटारसायकलमध्ये ट्रॅक्टरचं तेल चालतं का, अप्पा?"

"ट्रॅक्टर मोठा का मोटारसायकल मोठी? मग? मोठ्याचं तेल ल्हानाला न चालायला काय झालं?"

यात तर्कदोष आहे हे सरांच्या लक्षात आलं, पण कुठे आहे ते आलं नाही. तेल घातलं. आवाज खरंच दबला. भांडी घासणारी बाई गोधडीत तोंड घालून बडबडते आहे असा झाला. पण दुसऱ्या दिवशी छत्रपती चौकाच्या चढावर क्लच घसरू लागला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी ऐकत नव्हती. ही परिस्थिती सरांना वर्गात रोजची असल्यामुळे ते काही वेळ तसेच ओरडू देत बसले, आणि मग उतरून ढकलू लागले.

ढकलत ढकलत गाडी किशनराव मिस्त्रीकडे गेली. किशनरावनं आधी सायलेन्सरवर दोन ठोसे मारले.

"आवाज सायलेन्सरचा नाही," सर म्हणाले.

"सायलेन्सरचाच असतो, सर."

"असतो, पण हा नाही. हा इंजिनाचा आहे."

"तुमी शिकवणारी माणसं," किशनराव म्हणाला आणि सायलेन्सर काढून, झटकून, परत बसवला. आवाज तसाच. तेव्हा त्यानं तेल बदललं, इंजिनाचं वरचं झाकण उघडलं आणि टॅपेट म्हणून जी दोन बोटभर वस्तू असते तिची फट पार बंद होईपर्यंत आवळली. किक मारली, तर काय, खरोखर मांजर. सरांनी किशनरावचा हात हातात घेतला. गुरुवारची संध्याकाळ होती. आनंदाच्या भरात ते आसना पुलापर्यंत चक्कर मारून यायला निघाले आणि पुलावर, इंजिन नीट तापल्यावर, गाडीनं एक उचकी दिली आणि ती कायमची गप्प झाली. आता तिचा अजिबात आवाज येत नव्हता.

पुन्हा ढकलणं आलं. वाटेत एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. "सर, व्यायाम करून राहिले का?" त्यांनी विचारलं. "हो," सर म्हणाले. "चांगलं हाय. ह्या वयात लागतो," ते म्हणाले आणि सोबत चार पावलं चालले, पण ढकलायला हात लावला नाही, व्यायामात व्यत्यय नको म्हणून.

किशनरावनं टॅपेट परत ढिलं केलं. "आवाज जावा म्हणलात, गेला की न्हाई? आता गाडी चालावी बी म्हणता. दोन्ही कसं व्हईल, सर?" आवाज परत आला. चार दिवस माहेरी राहून आल्यासारखा टवटवीत होऊन आला.

*

आता मात्र सरांनी दुसऱ्याच्या सल्ल्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि विज्ञानाकडे वळले. पडदे, गोधड्या, कापूस, ही ध्वनिशोषक साधनं आहेत, हे सर वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. शनिवारी त्यांनी उज्वलाबाईंच्या आईनं शिवलेली एक जुनी गोधडी घेतली, तिचे बेतशीर तुकडे केले आणि ते इंजिनाभोवती तारेनं आवळून बांधले. त्यांनी त्याची आकृतीही काढून ठेवली. मोटारसायकलचं इंजिन वाऱ्यानं थंड होत असतं आणि वारा गोधडीतून जात नसतो, ही गोष्ट उष्णतेच्या पाठात येते. तो पाठ आठवीला आहे, आणि सर आठवीला शिकवत नसत.

रविवारी कस्तुराबाईंना घेऊन ते अर्धापूरकडे निघाले. तिथं फाट्यालगत त्यांचं केळीचं शेत आहे, आणि दर रविवारी जाऊन प्रत्येक घडाला हात लावून आल्याशिवाय कस्तुराबाईंचा आठवडा सुरू होत नसे. मशीन चंचीतच होतं. "आज ऐकून तर बघ, माय," असं सर दोनदा म्हणाले. त्या दोनदा जेवल्या. पण आसना पूल ओलांडल्यावर त्या आपण होऊन बोलल्या.

"शेषा, कुणाचं तरी जळून राहिलं बघ."

सरांनी आजूबाजूला बघितलं. उसाचं पाचट कुठं पेटवलेलं दिसेना.

"जवळच हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "फडक्याचा वास हाय."

आणि मग त्यांनी पाय वर घेतले.

गोधडी विझवायला शेजारच्या शेतातल्या पाइपचं पाणी मिळालं. घरी उज्वलाबाईंनी उरलेला तुकडा धुतला, वाळवला, घडी घालून कपाटात ठेवला आणि दोन दिवस सरांच्या ताटात भाजी वाढताना डाव थोडा जोरात आपटला. या आवाजावर उपाय कुठल्याच पाठात नाही.

मंगळवारी तरोडा नाक्यावर पोलिसांची मोहीम चालू होती. फटाक्यासारखे सायलेन्सर लावून फिरणाऱ्या पोरांना पकडून त्यांचे सायलेन्सर काढून घेत होते. सरांच्या मते हा फार स्तुत्य उपक्रम होता आणि तसं ते हवालदाराला सांगणार होते, तेवढ्यात हवालदारानं हात केला.

"गाडी बाजूला घ्या, काका."

"मी शिक्षक आहे."

"बरं, सर. बाजूला घ्या."

हवालदारानं आवाज मोजायचं यंत्र सायलेन्सरशी धरलं. आकडा बघून त्याला वाईट वाटल्यासारखं झालं. मग त्यानं सहज ते इंजिनाशी धरलं आणि दोघातिघांना बोलावून दाखवलं.

"सायलेन्सर बदललाय का?"

"नाही. आवाज सायलेन्सरचा नाही," सर म्हणाले. "इंजिनाचा आहे."

हवालदार खाली वाकला. "हाव, सायलेन्सर तर कंपनीचाच हाय." त्यानं पावतीपुस्तक उघडलं, मागून पुढून चाळलं. "सर, अडचण झाली. इथं सायलेन्सरचा रकाना हाय. इंजिनाचा न्हाई. म्हणजे दंड लावता येईना."

"मग जाऊ का मी?"

"कसं जाता? आवाज हाय की."

गाडी जमा झाली. परिवहनाच्या कचेरीतून 'आवाज मूळचाच आहे' असं लिहून आणा म्हणजे सोडतो, असं ठरलं. बुधवारी सर कचेरीत गेले. खिडकीतल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडीचा रंग बदलला असेल तर अर्ज आहे," ते म्हणाले. "इंजिन बदललं असेल तर आहे. मालक वारला असेल तर आहे. आवाजाचा नाही."

"मग मी काय करू?"

साहेबांनी खरोखर विचार केला. "रंग बदलता का?"

"नको."

"मग त्यातला तिसरा तुमच्या उपयोगाचा नाही," साहेब म्हणाले आणि सहानुभूतीनं खिडकी बंद केली, कारण जेवणाची सुट्टी झाली होती.

संध्याकाळी हवालदारानंच मार्ग काढला. गाडी चौकीच्या आवारातून हलवायला चालू करावी लागे आणि ती चालू केली की वायरलेसवरचं काही ऐकू येईना. त्यानं एका कागदावर लिहिलं, 'वाहन जुने असल्याने आवाज करते. चालक सुशिक्षित आहे.' खाली सरांची सही घेतली आणि गाडी दिली. तो कागद सरांनी जपून ठेवला आहे. सुशिक्षित असल्याचा त्यांच्याकडे असलेला एवढा एकच पोलिसी पुरावा.

*

दहा दिवस गेले होते. चंचीतल्या मशीनला सुपारीचा वास लागला असणार. गुरुपादप्पा भिंतीवरून म्हणाले, "सर, आता शेवटचं ऐका माझं. लातूरला रेवणप्पा म्हणून हायत. आमच्या सोयऱ्यातले."

"उदगीरचे?"

"मूळचे उदगीरचेच ओ," गुरुपादप्पा जरा ओशाळून म्हणाले. "पण माणूस चांगला हाय."

गुरुवारी सरांनी किरकोळ रजा टाकली आणि नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला गेले. अहमदपूरच्या चहाच्या टपरीवर सर पोचायच्या आधीच सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळलेल्या होत्या. सरांनी चहा पाठ करून घेतला.

रेवणप्पांचं दुकान गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होतं. पाटी नव्हती. साठी ओलांडलेला माणूस, कपाळावर भस्म, बोलणं कमी. "शरणार्थ," म्हणाले आणि गाडी चालू करायला सांगितलं. मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बसले. दहा मिनिटं तसेच. सायलेन्सरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, आणि सरांना एवढ्यानंच भरून आलं.

"कोणाला ऐकू येतं हे?" रेवणप्पांनी शेवटी विचारलं.

"सगळ्यांनाच."

"सगळ्यांना येऊ द्या. तरास कोणाला होतो?"

"आईला. तिला नवीन कानाचं मशीन घेतलंय."

"मग त्यांना नेमकं काय ऐकू येतं?"

अकरा दिवसांत त्यांनी भांड्यांच्या दुकानदाराला विचारलं होतं, मिस्त्रीला विचारलं होतं, पाठ्यपुस्तकाला विचारलं होतं, पोलीस आणि परिवहन दोन्ही खात्यांना विचारलं होतं. ज्या कानासाठी हे सगळं चाललं होतं त्या कानाला कुणी काही विचारलं नव्हतं.

फोन लावला. उज्वलाबाईंनी कस्तुराबाईंपुढे पाटी धरली. त्यावर लिहिलं होतं, 'लातूरचे मिस्त्री तुम्हाला विचारतायत.'

"मला विचारून राहिलेत?" कस्तुराबाई म्हणाल्या. हे त्यांनी दोनदा विचारलं. मग चंची सोडली, मशीन पदराला पुसलं आणि कानांत घातलं. "विचारा म्हणावं."

रेवणप्पांनी फोन इंजिनाशी धरला.

"वर कुणीतरी सुपारी कातरून राहिलंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "घाईनं. पाव्हणे दारात आल्यावानी."

"टॅपेट," रेवणप्पा म्हणाले. "आणखी?"

"त्याच्या डाव्या अंगाला एक जनावर हाय. साखळी खुंट्याला घासून राहिलं."

"टायमिंग चैन. बरोबर. आणखी?"

"अन् सगळ्यावर बांगड्या वाजतेत. काचंच्या न्हाईत. पितळंच्या."

यावर रेवणप्पा थांबले. त्यांनी हातावर फडकं गुंडाळलं आणि इंजिनाच्या बाहेरच्या पात्या, एकावर एक रचलेल्या ताटल्यांसारख्या असतात त्या, मुठीत दाबून धरल्या.

"आजी, आता?"

"थांबल्या."

हात सोडला. "आता?"

"आल्या."

रेवणप्पांनी गाडी बंद केली आणि सरांकडे वळले. "ह्या पात्यांच्या मधे रबराचे ल्हान ल्हान गुटके असतेत. पात्या वाजू नयेत म्हणून कंपनीच देते. तुमच्या एक बी न्हाई. कोणी काढले?"

सरांना एक दिवाळी आठवली. गाडी नवीनच होती. पात्यांच्या मधे काहीतरी काळं काळं अडकलेलं दिसलं, ते कारखान्यातलं पॅकिंग राहून गेलं असावं असं समजून त्यांनी स्वतः, चिमट्यानं, एकेक करून काढलं होतं. आणि कंपन्यांचा निष्काळजीपणा म्हणून उज्वलाबाईंना दाखवलंही होतं.

"कल्पना नाही," सर म्हणाले.

"आता मिळत न्हाईत ते. कंपनीनं ही गाडीच बंद केली."

फोन चालूच होता. "कसलं रबर म्हणून राहिलेत?" तिकडून कस्तुराबाईंनी विचारलं. रेवणप्पांनी सांगितलं, बोटाच्या पेराएवढं, काळं, पात्यांच्या मधे घट्ट बसणारं. "मग ठिबकचं बसवा की," त्या म्हणाल्या. "नळीला भोक पाडून बसवतेत ते. उन्हातान्हात चार चार वर्षं ऱ्हातंय. आमच्या केळीत डबाभर पडलंय."

रेवणप्पा उठले, समोरच्या शेती साहित्याच्या दुकानातून मूठभर रबरं घेऊन आले आणि ती एकेक करून पात्यांच्या मधे ठोकून बसवली. नवी चैन टाकली. टॅपेटच्या फटीत पत्र्याची पातळ पट्टी सरकवून मापात बसवलं. "पार गप्प करायचं नसतं ह्याला," ते म्हणाले. "पार गप्प झालं तर समजायचं आजारी पडलं. थोडं बोलू द्यायचं." सगळं काम होईपर्यंत फोन चालू होता. कस्तुराबाईंनी मधल्या वेळात रेवणप्पांना लेकरं किती, लातूरला यंदा पाणी कसं आहे आणि उदगीर का सोडलं, हे सगळं विचारून घेतलं. त्यांची उत्तरंही त्यांनी ऐकली. सहा वर्षांत त्या सलग एवढं कुणाशी बोलल्या नव्हत्या.

शेवटी किक मारली. टिक टिक टिक, घड्याळासारखी.

"आजी?" रेवणप्पांनी विचारलं.

"चालू केली का?" कस्तुराबाई म्हणाल्या.

*

शुक्रवारी सर शाळेत गेले तेव्हा फाटक बंद होतं. ते स्वतः उघडून नववीच्या वर्गात शिरले. पोरं बाकांवर उभी होती, आणि एक जण फळ्यावर सरांचं चित्र काढत होता. सरांनी ते पुसू दिलं नाही. नाक सोडलं तर बरं काढलं होतं. संध्याकाळी घरी चहा तयार नव्हता. उज्वलाबाई दचकून म्हणाल्या, "अहो, असं चोरासारखं काय येताय?" एवढं कौतुक सरांचं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. गुरुपादप्पांनी भिंतीवरून गाडी ऐकली, किंवा त्यांना ती ऐकू आली नाही, आणि उदगीरचं नाव राहिलं म्हणून समाधान व्यक्त केलं.

रविवारी, म्हणजे चौदाव्या दिवशी, कस्तुराबाई कानांत मशीन घालून गाडीवर बसल्या. पहिला चौक आला. सरांनी पाठ ताठ केली. थाप पडली नाही. आसना पुलाच्या पुढे मागून आवाज आला, "शेषा, पाखरं हायत अजून." अर्धापूरपर्यंत कस्तुराबाई बोलत होत्या, कुणाच्या केळीला पाणी कमी पडलंय, कुणाची विहीर बुजली, सहा वर्षांचं साठलेलं. सर फक्त हुंकार देत होते, आणि तो हुंकार मागे ऐकू जात होता. सोमवारी मॅडमनी विचारलं, "आजी, परत घ्यायचं का मशीन?" कस्तुराबाई म्हणाल्या, "तुमच्या कपाटाची बिजागरी वाजती, तेल घाला." मशीन घरी आलं.

पुढच्या रविवारी सर सहालाच उठले. गाडी पुसली, रबरं एकदा मोजली, चालू करून खिडकीखाली ठेवली. दहा मिनिटं झाली तरी माय येईना. सर आत गेले, तर खोली रिकामी. बाहेर रस्त्यावर बघतात तो कस्तुराबाई हातात पिशवी घेऊन नाक्याकडे चालल्या होत्या.

"माय, कुठं निघालीस?"

"अर्धापूरला. रविवार न्हाई का?"

"गाडी काढलीय की मी."

"ऐकली. चांगली झाली." त्या थांबल्या. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला, कारण आता त्यांना स्वतःचा आवाजही कळत होता. "तुला म्हणून सांगते. कंडक्टर फाट्याचं नाव वरडतोय ते मला ऐकू येईना झालं होतं. दोनदा फाट्याच्या पुढं पार वारंग्याला जाऊन उतरले. कुणाला कळू दिलं न्हाई. म्हणून तुझ्या मागं बसत होते रे. आता येतंय ऐकू." मग सरांचं तोंड बघून त्यांनी सरांच्या दंडावर हात ठेवला. "तू उगं रविवारचं कशाला उठतूस? झोप जा."

अर्धापूरवरून जाणारी हिंगोलीची बस आली. कस्तुराबाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि कंडक्टरशी बोलायला लागल्या. सर बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मागे गाडी चालू होती हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, कारण ती ऐकू येत नव्हती.

कस्तुराबाईंचं वय सत्त्याहत्तर आहे, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही.